सबवूफर बॉक्सच्या पोर्टची लांबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्टेड डबा (हवेच्या ये-जा साठी नळी किंवा फट, म्हणजे पोर्ट, ठेवलेला स्पीकरचा डबा) बनवायला घेतला की गणितापेक्षा टेप जास्त छळतो. कॅल्क्युलेटर बिनधास्त सांगतो, लांबी ७४.५ सेंमी. मग फळी समोर ठेवून बसल्यावर कळतं की टेपचं टोक कुठे लावायचं हे कोणीच सांगितलेलं नाही. पुढच्या फळीच्या बाहेरून की आतून? वळणावर आतल्या कडेने की बाहेरच्या? इथली उत्तरं त्या टेपच्या टोकापासून सुरू होतात.

सगळीकडे एकच डबा उदाहरणाला घेतला आहे: निव्वळ घनफळ (पोर्ट, लाकूड आणि स्पीकरची जागा वजा करून उरलेलं) ६० लिटर, ट्यूनिंग (ज्या हर्ट्झला पोर्टमधली हवा सगळ्यात जोरात हेलकावते तो आकडा) ३२ हर्ट्झ, फळीची जाडी १८ मिमी.

पोर्टची लांबी नेमकी कुठून कुठपर्यंत मोजायची?

लाकूड मोजू नका, हवा मोजा. बाहेरून आत येणारी हवा ज्या जागी चारही बाजूंनी कोंडली जाते तिथे शून्य, आणि ज्या जागी एक बाजू सुटते तिथे शेवट. गोल पाइप असेल तर पाइपच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत. फळ्यांचा स्लॉट, म्हणजे लांबट फट, असेल तर पुढच्या फळीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून आतल्या फळीच्या शेवटच्या कडेपर्यंत. पुढचे निम्मे प्रश्न या एका वाक्यातूनच सुटतात.

पुढच्या फळीची जाडी धरायची का?

हो. त्या भोकातली हवाही पोर्टचीच हवा आहे. दुहेरी फळी लावली असेल तर ३६ मिमी धरा. आणि फळी प्रत्यक्ष मोजा. १८ मिमी म्हणून आणलेलं प्लाय कॅलिपरमध्ये १७ भरणं ही रोजची गोष्ट आहे.

पोर्टमध्ये असं काय होतं की लांबीला एवढं महत्त्व?

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमल्यासारखा आवाज येतो, तोच प्रकार. बाटलीच्या मानेतली हवा म्हणजे वजन, पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. हे वजन त्या स्प्रिंगवर ठरावीक वेगाने हेलकावे खातं. हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा अभ्यास केला, म्हणून त्यांना हेल्महोल्त्झ रेझोनेटर म्हणतात. स्पीकरच्या डब्यात तीच युक्ती वापरण्याचं पेटंट बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळालं. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित बसवलं. ड्रायव्हरच्या (डब्यात बसवायच्या स्पीकरच्या) कागदावर जे 'थील-स्मॉल पॅरामीटर' छापलेले असतात ते याच दोघांच्या नावाने.

कामापुरतं एवढं लक्षात असू द्या: पोर्ट लांब केला की वजन वाढतं आणि ट्यूनिंग खाली येतं. डबा मोठा केला की स्प्रिंग मऊ होते, तेव्हाही ट्यूनिंग खाली येतं. लांबी तीच ठेवून तोंड मोठं केलं तर मात्र ट्यूनिंग वर जातं. हा तिसरा मुद्दा बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटा बसलेला असतो.

सूत्र काय आहे?

लांबी = (२३५६२.५ × व्यास² × पोर्टची संख्या) ÷ (ट्यूनिंग² × निव्वळ घनफळ) − (०.७३२ × व्यास)

लांबी आणि व्यास सेंमीमध्ये, घनफळ लिटरमध्ये, ट्यूनिंग हर्ट्झमध्ये. घनफुटात हिशोब आला असेल तर १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

आपल्या डब्याला आतून १० सेंमी व्यासाचा एक पाइप लावला तर वरचा आकडा २३,५६,२५० आणि खालचा ६१,४४०. भागाकार ३८.३५. त्यातून ७.३ वजा केले की साधारण ३१ सेंमी. पाइप ३१ सेंमीचा कापायचा, पुढच्या फळीची जाडी त्यात आलीच.

व्यास आतला घ्या. बऱ्याच ठिकाणी पाइपवर छापलेला आकडा बाहेरचा व्यास असतो. बाहेरून ११० मिमी आणि आतून १०४ मिमी असेल तर क्षेत्रफळात जवळजवळ १२ टक्क्यांचा फरक पडतो, आणि तो फरक तसाच लांबीत उतरतो.

शेवटी ते ७ सेंमी वजा का करायचे?

कारण हवा पाइपच्या कडेशी शहाण्यासारखी थांबत नाही. तोंडाबाहेरची थोडी हवाही पोर्टमधल्या हवेबरोबर पुढेमागे होते, त्यामुळे पोर्ट दिसतो त्यापेक्षा लांब 'वागतो'. यालाच एंड करेक्शन म्हणतात. एक तोंड फळीत सपाट बसवलेलं आणि दुसरं डब्यात मोकळं असेल तर ०.७३२. दोन्ही तोंडं फळीत बसलेली असतील तर ०.८५, दोन्ही मोकळी असतील तर ०.६१४. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा हे स्वतःच वजा करतं. ते वजा झालेलं आहे का ते मात्र आधी बघून घ्या. दोनदा वजा केलेला पोर्ट मी पाहिला आहे. तो मीच कापला होता.

स्लॉट पोर्टला व्यास कुठून आणायचा?

क्षेत्रफळ काढा आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास घ्या. आपल्या डब्याची आतली उंची ३५ सेंमी आणि फट ५ सेंमी, म्हणजे १७५ चौ. सेंमी. समतुल्य व्यास १४.९ सेंमी. सूत्रात घातल्यावर लांबी ७४.५ सेंमी येते. १० सेंमीच्या पाइपच्या दुपटीहून जास्त. तोंड मोठं की लांबी जास्त, हा सौदा टाळता येत नाही.

एल आकाराच्या पोर्टमध्ये आतल्या कडेने मोजायचं की बाहेरच्या?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मधल्या रेषेने मोजायचं.

आपला डबा आतून ४५ सेंमी खोल आहे. पोर्ट पुढून सुरू होतो, बाजूच्या भिंतीला धरून मागे जातो, मागच्या भिंतीपाशी काटकोनात वळतो आणि तिला समांतर धावतो. आतली दुसरी फळी बाजूच्या भिंतीपासून ३३ सेंमीवर संपते. फट सगळीकडे ५ सेंमी.

बाहेरच्या भिंतींना टेप लावला तर पहिला पाय (एलचा पहिला सरळ भाग) ४५ अधिक पुढची फळी १.८, म्हणजे ४६.८ सेंमी. दुसरा ३३. बेरीज ७९.८.

आतल्या कडेने, म्हणजे दुभाजक फळीच्या (पोर्ट आणि डब्याची पोकळी वेगळी करणाऱ्या आतल्या फळीच्या) पोर्टकडच्या बाजूने, ४१.८ आणि २८. बेरीज ६९.८.

मधल्या रेषेने पहिला पाय ४६.८ मधून अर्धी फट वजा करून ४४.३, दुसरा ३३ मधून अर्धी फट वजा करून ३०.५. बेरीज ७४.८. हवे होते ७४.५. तीन मिलिमीटरसाठी झोप उडवू नका.

एक सोपी खूण: एका काटकोनी वळणाला आतली आणि बाहेरची बेरीज बरोबर दोन फटींनी वेगळी येते आणि मधली रेषा दोन्हींच्या बरोब्बर मधोमध पडते. म्हणून आतली आणि बाहेरची मोजून सरासरी घेतली तरी चालतं. तसा ताळा जुळला नाही तर टेप कुठेतरी चुकीच्या पृष्ठभागावर लागला आहे असं समजा.

चुकीच्या पृष्ठभागावर म्हणजे?

दुभाजक फळीला दोन बाजू असतात. एक पोर्टकडची, दुसरी डब्याच्या पोकळीकडची. डबा उघडा असताना हात सहज पोकळीच्या बाजूने जातो, कारण तिकडे जागा असते. पण तिथे मोजलं की पुढच्या फळीची जाडी सुटते आणि कोपऱ्यात दुभाजकाची स्वतःची जाडीही सुटते. आपल्या डब्यात पहिला पाय पोर्टच्या बाजूने ४१.८ आहे आणि पोकळीच्या बाजूने ३८.२. मी पहिला डबा असाच मोजला, मग 'कमी पडतंय' म्हणून दुसरी फळी वाढवली आणि ट्यूनिंग ठरवल्यापेक्षा खाली गेलं. फट अरुंद असेल आणि टेप आत वळत नसेल तर कडक पुठ्ठ्याची पट्टी मधोमध धरून वाकवा, खूण करा आणि बाहेर काढून मोजा.

वळणाच्या कोपऱ्यात ४५ अंशांचा तुकडा लावला तर लांबी बदलते का?

दखल घेण्याइतकी नाही. लावा, डबा मजबूत होतो.

गोल पाइपच्या बेंडचं काय?

तिथेही मधली रेषा, फक्त ती कमानीची. मधल्या रेषेची त्रिज्या गुणिले १.५७ केलं की ९० अंशांच्या बेंडची लांबी मिळते. त्रिज्या १० सेंमी असेल तर १५.७. सरळ तुकडे वेगळे मोजून त्यात मिळवा. सांध्यात एक पाइप दुसऱ्यात जितका घुसतो तितका भाग दोनदा मोजला जाऊ देऊ नका.

स्लॉट पोर्टचं ट्यूनिंग नेहमी हिशोबापेक्षा खाली का येतं?

कारण पोर्ट आत संपतो तिथे सगळ्या भिंती संपत नाहीत. आपल्या एल पोर्टची दुभाजक फळी संपली तरी मागची भिंत, तळ आणि छत पुढे चालूच आहेत. हवा एकाच बाजूने मोकळी होते, उरलेल्या तिन्हींकडून तिला वाट दाखवणं चालूच असतं. त्यामुळे एंड करेक्शन साध्या सूत्रापेक्षा मोठं निघतं. सॉफ्टवेअरमध्ये पोर्टला किती भिंती सामाईक आहेत हे निवडायची सोय असेल तर ती जरूर वापरा. सोय नसेल तर शेवटची आतली फळी चिकटवण्याआधी चाचणी घ्या. कशी, ते पुढे आहे.

पोर्टच्या आतल्या तोंडासमोर किती जागा सोडायची?

गोल पोर्टला किमान एक व्यास, स्लॉटला किमान फटीइतकी. त्याहून जवळ भिंत आली की हवेची वाट अडते, पोर्ट आणखी लांब असल्यासारखा वागतो आणि आवाजही करतो. भरण म्हणून लावलेला कापूसही तोंडापासून दूर ठेवा.

एका पोर्टऐवजी दोन लावले तर प्रत्येकाची लांबी निम्मी करायची ना?

उलट. प्रत्येक पोर्ट दुपटीहून जास्त लांब लागतो. क्षेत्रफळ दुप्पट झालं आहे, ट्यूनिंग तिथेच ठेवायचं तर लांबी वाढवावीच लागते. आपल्या डब्यात १० सेंमीचे दोन पाइप लावायचे तर प्रत्येकी सुमारे ६९.५ सेंमी. आणि ३१ सेंमीचेच दोन लावले तर ट्यूनिंग ३२ वरून थेट ४५ हर्ट्झवर. डबा दणदणीत वाजतो, पण खालचा बास गायब. लोक मग ड्रायव्हरला दोष देत बसतात.

मग तोंड लहानच ठेवलं तर? लांबीचा त्रासच नको.

त्रास दुसरीकडून येतो. लहान तोंडातून तेवढीच हवा जास्त वेगाने जाते आणि आवाज वाढवला की बासबरोबर फुसफुस ऐकू येते. पोर्टमधला हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत राहिला, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ५ टक्के, तर निश्चिंत राहावं. मोठ्या आवाजाच्या डब्यात लोक २५ ते ३० पर्यंत चालवून घेतात. कार ऑडिओतला ढोबळ ठोकताळा असा की दर लिटरला पावणेतीन ते साडेतीन चौ. सेंमी तोंड. आपल्या ६० लिटरला १६५ ते २१० चौ. सेंमी झाले. १० सेंमीच्या एका पाइपचं क्षेत्रफळ ७८.५. घरात हळू ऐकणाऱ्याला तो पुरेल, जोरात वाजवणाऱ्याला नाही.

फट अति अरुंद आणि उंच करणंही टाळा. ३५ बाय ५ ठीक, ३५ बाय २ मध्ये हवा भिंतींना घासतच जाते.

पोर्टने व्यापलेली जागा डब्यातून वजा करायची का?

करायचीच. लांबीची चूक सगळे शोधतात, ही चूक कोणी शोधत नाही आणि खरा घोळ इथेच होतो.

आपल्या स्लॉटच्या डब्याच्या आत असलेल्या भागात १२.८ लिटर हवा आहे. ती पोर्टची, डब्याची नाही. दुभाजक फळ्यांचं लाकूड आणखी ४ लिटर. ड्रायव्हरचा मॅग्नेट आणि बास्केट (सांगाडा) ३ लिटर धरा. नेमका आकडा त्याच्या कागदावर असतो. सगळं मिळून २० लिटर. म्हणजे निव्वळ ६० लिटर हवे असतील तर रिकामा डबा आतून ८० लिटरचा पाहिजे. खोली ४५ आणि उंची ३५ ठेवली तर रुंदी साधारण ५१ सेंमी.

हे विसरून आतून ६० लिटरचाच डबा बनवला तर उरतात ४० लिटर आणि ट्यूनिंग जातं ३९ हर्ट्झवर. मधल्या रेषेऐवजी बाहेरच्या कडेने मोजल्याने जेवढी चूक होते तिच्या कितीतरी पट मोठी.

भोंग्यासारखं पसरट तोंड असलेला तयार पोर्ट कसा मोजायचा?

पसरट भागात क्षेत्रफळ जास्त, म्हणून तो भाग तेवढ्याच लांबीच्या सरळ पाइपइतका मोजला जात नाही. टोकापासून टोकापर्यंत मोजून प्रत्येक बाजूच्या वळणाची साधारण निम्मी लांबी धरायची, हा सुरुवातीचा ठोकताळा. नंतर चाचणी घेऊन सरळ भाग थोडा थोडा कापा.

पाइप डब्याबाहेर काढला तर?

चालतो. लांबी तशीच मोजा. बाहेरचा भाग घनफळातून वजा करू नका.

मापात किती अचूकपणा लागतो?

लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. ट्यूनिंग लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात हलतं. आपला ७४.५ चा स्लॉट ५ सेंमी चुकला तर ट्यूनिंग जेमतेम १ हर्ट्झ सरकतं. ३१ सेंमीचा पाइप ५ सेंमी आखूड कापला तर मात्र ३२ चं ३४.३ होतं. आखूड पोर्टला जपून, लांब पोर्टला निवांत. आणि हवा स्वतःच कुठे स्थिर असते? सूत्रातला स्थिरांक ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरून काढला आहे, म्हणजे २० अंशांच्या आसपासची हवा. ४० अंशांना तोच डबा १ हर्ट्झ वर वाजतो. अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडायचं असेल तर आधी थर्मामीटरशी भांडा.

बनल्यावर ट्यूनिंग तपासायचं कसं?

फोनवर टोन जनरेटर घ्या. इक्वलायझर, बास बूस्ट आणि सबसॉनिक फिल्टर (फार खालचे हर्ट्झ अडवणारा) बंद करा. आवाज कमी ठेवा. ड्रायव्हरच्या मधल्या टोपीवर पांढऱ्या कागदाचा छोटा ठिपका चिकटवा. ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. ठिपका आधी पुसट, लांबट दिसतो. ट्यूनिंग जवळ आलं की तो आवळत जातो आणि एका जागी स्वच्छ, गोल, जवळजवळ थांबलेला दिसतो. त्याच वेळी पोर्टच्या तोंडाशी धरलेली टिश्यूची पट्टी सगळ्यात जोरात फडफडत असते. आणखी खाली गेलात की ठिपका पुन्हा पसरतो. तो थांबला तो आकडा तुमचं ट्यूनिंग.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाका आणि स्पीकरच्या दोन टोकांवर एसी व्होल्टेज बघा. टोन खाली आणताना आकडा एकदा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दोन शिखरांमधली दरी म्हणजे ट्यूनिंग. स्वस्त मीटर एवढ्या खालच्या हर्ट्झला थोडा चुकीचा व्होल्टेज दाखवू शकतो, पण आपल्याला दरी शोधायची आहे, तिची खोली नाही.

ट्यूनिंगच्या खाली टोन गेला की कोन (ड्रायव्हरचा पुढेमागे हलणारा पडदा) एवढा का उडतो?

तिथे पोर्ट म्हणजे नुसतं भोक उरतं. मागची हवा कोनला धरून ठेवत नाही. सबसॉनिक फिल्टर ट्यूनिंगच्या थोडा खाली लावा, आपल्या डब्याला २७-२८ च्या आसपास. पोर्ट मोजायच्या चुकीने ट्यूनिंग ३९ वर गेलं असेल आणि फिल्टर २७ वरच असेल तर मधल्या १२ हर्ट्झमध्ये ड्रायव्हर उघडा पडतो. ट्यूनिंग मोजल्याशिवाय फिल्टर लावू नका, ते एवढ्यासाठी.

डबा चिकटवून झाला आणि ट्यूनिंग चुकलं. आता?

गोल पाइप असेल तर सुटलात. वर न्यायचं असेल तर पाइप कापा, खाली आणायचं असेल तर जोडा. म्हणूनच पाइप आधी दोन-तीन सेंमी लांब ठेवून मग उतरवत आणावा.

स्लॉटला करवत पोचत नाही, पण दोन वाटा आहेत. ट्यूनिंग खाली आणायचं तर पोर्टच्या एका भिंतीला पूर्ण लांबीभर ५ मिमीची पट्टी चिकटवा. फट ५ वरून ४.५ होते आणि ट्यूनिंग साधारण दीड हर्ट्झ उतरतं. वर न्यायचं तर डब्याचं घनफळ कमी करा: ड्रायव्हरच्या भोकातून आत जातील असे लाकडाचे ठोकळे बसवा. ३० आलंय आणि ३२ हवं असेल तर ७ लिटरच्या आसपास भरावे लागतात. ठोकळे गोंद आणि स्क्रू दोन्हींनी पक्के करा. नुसते ठेवले तर पहिल्याच गाण्याला आत खडखडाट सुरू होईल आणि तुम्ही तो आवाज ड्रायव्हरमध्ये शोधत बसाल.